नकाशात नसलेला भोंगा

ओव्हाळभाऊ कुठलंही यंत्र सुरू करण्याआधी समोरच्या माणसाला एकच प्रश्न विचारायचे, "आत्ता आपन कुटं हाय?" तोंडी उत्तर चालत नसे. टेबलावर मोठा कागद पसरलेला असे, त्यावर पेन्सिलीने काढलेले चौकोन आणि एका चौकोनाकडून दुसऱ्याकडे जाणारे बाण. त्यातल्या नेमक्या चौकोनावर बोट ठेवून दाखवायचं. फुलांच्या शेडचे पडदे उघडे असतील तर हा चौकोन, मिटत असतील तर तो. बोट दोन चौकोनांच्या मध्ये घुटमळलं की भाऊ यंत्राची बटणं आपल्या पंजाने झाकून घ्यायचे आणि शांतपणे म्हणायचे, "ठरू द्या. बोट ठरंस्तवर हात लावायचा न्हाई."

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची पदवी ताजी होती आणि साठी ओलांडलेल्या, रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका माणसाने मला बालवाडीतल्यासारखं बोट ठेवायला लावावं याचा मला मनापासून राग यायचा. राग आला तरी बोट ठेवायचेच, कारण मी मुळात घाबरट. फोन वाजला की मला आधी वाईट बातमीच सुचते. भाऊंनी हे पहिल्याच आठवड्यात ओळखलं. "ताई, तुमी भ्येता ते बरं हाय," ते म्हणाले. "आमच्या घाटात न भिनाऱ्याला आमी कदी येकटं सोडत नव्हतो." माझ्या भित्रेपणाला आयुष्यात मिळालेली ही एकमेव शाबासकी.

आमची कंपनी म्हणजे तळेगावबाहेरची एक पत्र्याची शेड आणि आत सात-आठ माणसं. मावळात गुलाबाची पॉलिहाउसेस भरपूर, आणि आम्ही त्यांच्यासाठी एक पेटी बनवायचो. बाजूचे पडदे कधी उघडायचे, कधी मिटायचे, पाण्याचं धुकं कधी सोडायचं, संध्याकाळी बायका काम आटोपून बाहेर पडल्या की भुरी रोगासाठी गंधकाची धुरी कधी द्यायची, हे सगळं ती पेटी ठरवायची. पेटीच्या पोटातला प्रोग्राम आम्ही लिहायचो. एके दिवशी आमचे मालक, ज्यांना सगळे सर म्हणत, कुठल्याशा प्रदर्शनातून एक नवं सॉफ्टवेअर घेऊन आले. त्याची रीत अशी की यंत्राने कुठल्या अवस्थेतून कुठल्या अवस्थेत कधी जायचं याचा नकाशा कॉम्प्युटरवर काढायचा आणि एक बटण दाबायचं. प्रोग्रामच्या ओळी कॉम्प्युटर त्या नकाशावरून स्वतःच लिहून देतो. या पद्धतीला भारदस्त इंग्रजी नाव आहे. सर नुसतं 'मॉडेल' म्हणायचे आणि भाऊ 'नकाशा'.

या पद्धतीबद्दल माणसांच्या डोक्यात काय काय असतं ते मी जवळून पाहिलं आहे. सरांना वाटलं, आता प्रोग्रामर लागणारच नाहीत. त्यांनी दोन अनुभवी माणसांना निरोप दिला आणि सगळ्यात नवी म्हणून मला 'बटण दाबायला' ठेवलं. विक्री बघणाऱ्या आमच्या गृहस्थांना वाटायचं, नकाशा म्हणजे गिऱ्हाइकाला चहाबरोबर दाखवायचं रंगीत चित्र. माझ्या आईला वाटायचं, पोरगी इंजिनिअर होऊन चित्रकला करते. माझा गैरसमज या सगळ्यांत शहाणा होता आणि म्हणून सगळ्यात वाईट. मला वाटायचं, नकाशा हा देखावा; खरी वस्तू म्हणजे कोड. नकाशा काय, सवडीने नीट करता येतो. या समजाने मी एका माणसाचं जे नुकसान केलं ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसले आहे.

"चित्र काढायला काय, कुणीही चालेल," म्हणून सरांनी भाऊंना त्या कामावर घेतलं. भाऊ खंडाळ्याचे. रेल्वेच्या सिग्नल खात्यात सगळी नोकरी घाटात केलेली. आमच्याकडे ते आले होते पेट्यांच्या वायरी जोडायला. पण एकदा खोक्याच्या पुठ्ठ्यावर त्यांनी काहीतरी मांडलेलं सरांनी पाहिलं: कशाच्या आधी काय, आणि काय झाल्याशिवाय काय होता कामा नये. रेल्वेत त्यांनी जन्मभर हेच केलं होतं. रुळांचा कुठला सांधा कुठे बसला असेल तरच कुठला सिग्नल पडेल, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. कॉम्प्युटर त्यांना येत नव्हता. ते कागदावर काढायचे आणि मी माऊसने उतरवून घ्यायचे. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन्सिली, आणि हरवू नये म्हणून दोऱ्याने गुंडीला बांधलेलं खोडरबर.

एका गिऱ्हाइकासमोर सरांनी त्यांना हौसेने विचारलं, "नकाशा बरोबर असला की पेटी चुकणारच नाही, हो की नाही भाऊ?" भाऊंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "नकाशा शाना नसतो, सायेब. काडनाऱ्याएवडाच त्यो शाना. मी इसरलो तर त्योबी इसरंल, आन आसं झ्याक इसरंल की कुनाला पत्ता लागनार न्हाई." गिऱ्हाईक हसलं. सरांचा चेहरा पडला. मी त्या वेळी सरांच्या बाजूची होते. म्हातारा धंदा बुडवणार असंच मला वाटलं.

त्यांच्याबरोबर मी सुदुंबऱ्याला पोपटरावांच्या पॉलिहाउसवर पहिल्यांदा गेले तेव्हा तर माझा संयमच सुटला. पेटी बसवायची होती, आणि भाऊ पेटीकडे न बघता पॅकिंगच्या शेडमध्ये बायकांच्या पंगतीला जाऊन बसले. कोण कधी आत जाते, कुठल्या दाराने, डबा कुठे ठेवते, चपला कुठे काढते, हे दिवसभर लिहीत राहिले. तिथे हिरामावशी होत्या. साडीवर पुरुषी शर्ट, डोक्याला फडकं, छातीत जुना दमा आणि तोंड एकदम तिखट. त्या म्हणाल्या, "बाबा, तू फुलं मोजतूस का बाया मोजतूस?"

"बाया," भाऊ म्हणाले. "फुलं मोजायला पोपटराव हायती."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दाराशी एक फळी ठोकली, तिला खिळे मारले आणि प्रत्येक बाईच्या कात्रीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला. बाहेर पडताना कात्री आपापल्या खिळ्याला लावायची. सगळ्या कात्र्या भरल्याशिवाय धुरीचं बटण कुणी दाबायचं नाही, आणि ते दाबलेलं असल्याशिवाय पेटी ठरल्या वेळेलाही धुरी सोडणार नाही. "रुळाचं काम झाल्यावर लाईन परत द्यायच्या आदी आमी मानसं मोजायचो, हत्यारं मोजायचो. येक पाना कमी भरला तरी गाडी सोडायची न्हाई." मी म्हटलं, अहो भाऊ, एवढी हुशार पेटी असताना खिळे कशाला? ते म्हणाले, "पेटीला घड्याळ दिसतं, ऊन दिसतं. बाई दिसत न्हाई, ताई."

तरीही एक फट राहिलीच होती. दिवाळीच्या सुमाराला काकूंचं, म्हणजे भाऊंच्या पत्नीचं, ऑपरेशन झालं आणि भाऊ महिनाभर रजेवर गेले. त्याच महिन्यात पोपटरावांचा फोन आला. हिरामावशींनी कात्री खिळ्याला लावली, मग विसरलेला डबा आणायला मागच्या दाराने परत आत गेल्या, आणि तेवढ्यात धुरी सुरू झाली. खोकत बाहेर आल्या, निभावलं. पण दम्याच्या बाईला गंधकाचा धूर म्हणजे काय, हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. सरांनी मला एकटीला पिटाळलं.

पोपटराव, बायका, मावशी, सगळे माझ्याभोवती उभे. रीतीने करायचं तर ऑफिसात परत येऊन नकाशात बदल करायचा, त्यावरून नवा प्रोग्राम काढायचा, तपासायचा. दिवस गेला असता. आणि तयार कोड माझ्या लॅपटॉपवर समोरच होता. त्या फाइलच्या अगदी वर इंग्रजीत लिहिलेलं असतं की ही फाइल यंत्राने तयार केली आहे, हाताने काही बदलू नका, बदललेलं टिकणार नाही. मी ती ओळ वाचली. घाईत नजर चुकली असं मी पुढे बऱ्याच जणांना सांगितलं, पण मी ती वाचली होती. आणि तिच्याखाली अकरा ओळी हाताने घातल्या. पडदे मिटले की लगेच धुरी नाही. आधी पाच मिनिटं भोंगा वाजेल, मग धुरी. टाकीतलं पाणी संपल्याची सूचना द्यायला पेटीवर भोंगा होताच.

पहिल्या फटक्यात चाललं. भोंगा असा काही वाजला की शेजारच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. हिरामावशींनी माझ्या गालावरून हात फिरवला. "लय झ्याक केलंस गं बाय. आता घाई न्हाई. भोंगा झाला की निगायचं." मला आभाळ ठेंगणं झालं. सर फोनवर म्हणाले, "शाब्बास. नकाशा नंतर कर." हे 'नंतर' काही आलंच नाही. आधी दुसऱ्या साइटची कामं निघाली. मग भाऊ रजेवरून परत आले, आणि आता नकाशात भोंगा काढायचा तर मी कोडला हात लावला होता हे त्यांना सांगावं लागणार होतं. ते रागावले असते असं नाही. ते नुसते माझ्याकडे बघत राहिले असते, आणि मला त्याचीच भीती वाटत होती.

ते चार महिने मी नीट जेवले असेन, पण निवांत कधीच नव्हते. सुदुंबऱ्याचं नाव निघालं की मी विषय बदलायचे. एकदा भाऊ वायरी जोडता जोडता आपल्याशीच बोलावं तसं बोलले, "येका गोष्टीची दोन नकाशं झाली की त्यातला येक खोटा आसतो. आन खोट्याला कळत न्हाई आपन खोटं हाय म्हनून." त्यांना काही माहीत नव्हतं. ते रेल्वेतली कुठली तरी जुनी गोष्ट आठवत होते. मी पाणी प्यायला उठून गेले.

पुढे फेब्रुवारीच्या गुलाबांची घाई सुरू झाली. त्या दिवसांत मावळातला गुलाबवाला सख्ख्या भावाशीही धड बोलत नाही. थंडी वाढली होती, म्हणून पोपटरावांना पडदे अर्धा तास आधी मिटायला हवे होते. नकाशात एका बाणावरची वेळ तेवढी बदलायची. मी त्या दिवशी कामशेतकडे दुसऱ्या कामावर होते. भाऊ एव्हाना कॉम्प्युटरवरचं ते बटण दाबायला शिकले होते. मीच कौतुकाने शिकवलं होतं. त्यांनी बाण दुरुस्त केला, बटण दाबलं, नवा प्रोग्राम घेतला आणि जेवून सुदुंबऱ्याला निघाले. पाच वाजता मी ऑफिसात आले तेव्हा सर सहज म्हणाले, "भाऊ पोपटरावांकडे गेलेत, नवं टाकायला."

मी बॅगही खाली ठेवली नाही. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नवी फाइल उघडली. अकरा ओळी नव्हत्या. यंत्राने काही खोडसाळपणा केला नव्हता. नकाशात भोंगा नव्हता, म्हणून त्याने भोंगा लिहिला नाही. वरची सूचना मात्र होती तिथेच होती.

नव्या वेळेप्रमाणे धुरी सव्वासहाला. भाऊंना फोन लावला तर बंद. कामावर असताना फोन बंद ठेवायचा ही त्यांची रेल्वेतली शिस्त. पोपटरावांचा सारखा व्यस्त. स्कूटर काढली. तळेगावहून चाकणच्या रस्त्याला लागलं की कंटेनर सुरू होतात, आणि त्या दिवशी इंदुरीच्या अलीकडे त्यांची रांगच्या रांग उभी होती. मी रस्त्याच्या कडेच्या मातीतून, खड्ड्यांतून स्कूटर रेटत होते. डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: भोंगा झाला की निगायचं. मी तो भोंगा घातलाच नसता तर मावशी धास्तीने वेळेआधी बाहेर पडल्या असत्या. मी त्यांची धास्ती काढून घेतली होती, आणि आता भोंगाही काढून घेतला होता. इंद्रायणीच्या पुलावर मी रडत होते हे मला पूल ओलांडल्यावर कळलं.

पोचले तेव्हा साडेसहा होत आले होते. पडदे मिटलेले. बाहेर बायकांचा घोळका, हवेत गंधकाचा वास. मध्ये उपड्या क्रेटवर हिरामावशी बसलेल्या, नव्हे, भाऊंनी त्यांना धरून बसवलेलं. मावशींच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता आणि ओठ काळपट पडले होते. काय झालं ते पोपटरावांच्या बायकोने सांगितलं. भाऊंनी सगळ्या कात्र्या स्वतः मोजल्या. भरल्या. मग बटण. धुरी सुरू झाली आणि कुणीतरी म्हणालं, हिरामावशी कुटं हाय? त्यांची कात्री खिळ्यालाच होती. त्या मागच्या दाराने आत गेल्या होत्या, रोजच्यासारख्या, निवांत. भाऊंनी मेन स्विच पाडला, टॉवेल टाकीत बुडवून तोंडाला लावला आणि त्यांना मागच्या ओळीतून ओढत बाहेर आणलं. त्यांचेही डोळे लाल झाले होते आणि खोकला थांबत नव्हता.

मावशींचा दम थोडा ओसरला तेव्हा त्या एवढंच बोलल्या, "भोंगा... झालाच न्हाई."

भाऊंनी माझ्याकडे मान वळवली. "कसला भोंगा?"

"आधी दवाखाना," मी म्हणाले. चुकीचं काहीच बोलले नव्हते मी. फुलांच्या टेम्पोत घालून त्यांना तळेगावला नेलं, मी मागून स्कूटरवर. पण 'कसला भोंगा' या प्रश्नाचं उत्तर 'आधी दवाखाना' हे नव्हतं, आणि ते मला तिथे उभी असतानाच माहीत होतं.

मावशी वाचल्या. दोन दिवसांनी घरी गेल्या. पण त्याआधी, दुसऱ्याच दिवशी सकाळी, पोपटराव तावातावाने ऑफिसात आले. सरांनी सगळ्यांना बोलावलं. भाऊ नकाशाची गुंडाळी घेऊन उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. "नकाशा मी बदलला, बटन मी दाबलं," ते म्हणाले. "भोंगा हुता म्हनत्यात समद्या बाया. येवड्या बाया खोटं कशाला बोलतील? म्हंजे माज्याच हातनं पुसला गेला आसंल. मला आटवत न्हाई. पन चूक माजी."

मी घातलेला भोंगा केव्हाच नकाशात आला असेल, असं सरांनी आणि पोपटरावांनी धरून चाललं होतं. मी कपाटाशी टेकून उभी होते. वाक्य तयार होतं: भोंगा मी घातला होता, हाताने, आणि नकाशात तो कधी काढलाच नव्हता. आत्ता सांगू, पोपटराव गेले की सांगू, सर एकटे असले की सांगू, असं करता करता सरांनी भाऊंना काही दिवस घरी आराम करायला सांगितलं. आराम म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. भाऊंनी नकाशे नीट खणात लावले, खणाला कुलूप घातलं, किल्ली माझ्या हातात दिली आणि गेले. मी किल्ली घेतली.

चार दिवस. या चार दिवसांचं मी काही सांगू शकत नाही, कारण सांगण्यासारखं मी काही केलंच नाही. पाचव्या दिवशी सकाळी खंडाळ्याला गेले.

स्टेशनच्या पलीकडे, उतारावर त्यांचं दोन खोल्यांचं घर. काकूंनी दार उघडलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बरं झालं आलीस. झोपत न्हाईत, जेवत न्हाईत. नुसतं कागद रंगवत्यात." आतली जमीन कागदांनी भरली होती. पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येक कागदावर सुदुंबऱ्याचा तोच नकाशा, आठवून आठवून पुन्हा पुन्हा काढलेला. भाऊ मध्ये मांडी घालून बसले होते. दाढी वाढलेली. मला बघून त्यांचा चेहरा उजळला, आणि ते बघून मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"ताई, बसा. मला येवडं सांगा, भोंगा कुटं हुता ओ? पडद्याच्या आदी, का मागनं? मी लय शोदला. मला कायबी केल्या आटवंना." मग काकूंना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "आमच्या आयला शेवटाला घरचा रस्ता सापडत नव्हता. सवताच्या दारात हुबी ऱ्हाऊन इचारायची, ओव्हाळांचं घर कंचं. मी तिच्याच वयाला आलोय आता."

मी त्या कागदांमध्येच बसले आणि सगळं सांगितलं. अकरा ओळी, सरांचं 'नंतर', चार महिने, कपाटाशी उभं राहणं. फाइलवरची ती सूचना मी वाचली होती, हेही सांगितलं. भाऊ ऐकत राहिले. मग एकेक कागद उचलून त्यांचा गठ्ठा करू लागले. कडा जुळवल्या. बराच वेळ कडाच जुळवत होते.

"चुकलात, त्याचं काय न्हाई," शेवटी ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, पण मी त्यांना एवढं रागावलेलं आधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. "मीबी चुकलोय घाटात. मानूस हाय म्हंजे चुकनारच. पन चार दिस, ताई. चार दिस मी माज्या डोस्क्याला चोर समजलो. तुमाला येक फोन करायचा हुता."

काकू चहाचे कप घेऊन दारात थबकल्या होत्या. माफी मागावी एवढंही तोंड मला राहिलं नव्हतं. मग भाऊंनी कोरा कागद घेतला. "वाचा त्या अकरा वळी. येकेक वाचा, सावकाश." माझ्या लॅपटॉपवर जुनी फाइल अजून होती; तिच्यातून मी वाचत गेले आणि ते काढत गेले. पडदे मिटल्याच्या आणि धुरीच्या मध्ये एक नवा चौकोन, त्यात 'भोंगा', दोन बाण. मागचं दार उघडलं तर धुरी बंद, हा तिसरा बाण त्यांनी स्वतःहून घातला. तो मला चार महिन्यांत सुचला नव्हता. चहा निवायच्या आत झालं. "येवडंच हुतं," ते म्हणाले. "आदी हिराबाईला जाऊन सांगा. सायेबाला मागनं."

मी तसंच केलं. हिरामावशी घरात अंथरुणावर टेकून बसल्या होत्या. ऐकून म्हणाल्या, "मला तुमच्यातलं काय कळतंय? पन त्या बाबाला उगं घरी बसवलंस, ते न्हाई बरं केलंस." सर भरपूर बोलले आणि ते बोलणं मला हवंच होतं. त्यांनी मला काढलं नाही, कारण प्रोग्रामर लागत नाहीत अशा त्या कंपनीत दुसरा प्रोग्रामर उरलाच नव्हता. भाऊंना त्यांनी स्वतः फोन करून बोलावून घेतलं. भाऊ आले. पोपटरावांनी हात जोडले, सगळं पूर्ववत झालं असं सगळ्यांनी धरून चाललं.

मला मात्र दिसत होतं. पूर्वी भाऊ नकाशा काढून झाला की एकदा वरून खाली बघायचे आणि पेन्सिल खिशाला लावायचे. आता तीन-तीनदा बघायचे. काल काढलेला कागद आज पुढ्यात घेऊन मला विचारायचे, "ह्यो मीच काडलाय न्हवं?" मी हो म्हटलं तरी अक्षर निरखत बसायचे. लोणावळ्याच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि स्मरणशक्तीला काही झालेलं नाही म्हणून सांगितलं. मी रिपोर्ट वाचून दाखवला. "डाक्टर चांगला हाय," भाऊ म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अक्षर निरखत बसले. वर्ष संपायच्या आत त्यांनी आपणहून काम सोडलं. "काडनाऱ्याचा सवतावर भरवसा पायजे, ताई. त्यो ग्येला की त्यानं उटावं." त्यांचा माझ्यावरचा विश्वास मी घालवला असता तर तो परत मिळवायला मी धडपडले असते. मी घालवला त्यांचा स्वतःवरचा, आणि तिथे मला काहीही करता येत नव्हतं.

मागच्या वर्षी ते गेले, हृदयविकाराने. शेवटपर्यंत एकही गोष्ट विसरले नव्हते, काकू सांगतात. आता आमच्याकडे पाच-सहा नवी मुलंमुली आहेत. तयार कोडला कुणी हात लावलाय अशी शंका जरी आली तरी मी कामं थांबवते, आणि ती आपसात म्हणतात की मॅडम फार टेन्शन घेतात. घेते.

भाऊ जाण्याआधी काही आठवडे मी त्यांना भेटायला गेले होते. छान गप्पा झाल्या. निघाले तेव्हा ते दारापर्यंत आले. "ताई, फाटकाची कडी लावा," म्हणाले. मी लावली.

"लागली का?"

"लागली, भाऊ."

"बगा येकदा."

मी वाकून पाहिली, हलवून पाहिली, आणि लागलीय म्हणून सांगितलं. त्यांनी मान हलवली. मी उतारावरून खाली निघाले. वळणावर मागे पाहिलं तर भाऊ भिंतीला धरून पायऱ्या उतरून खाली आले होते आणि ती कडी स्वतःच्या हाताने चाचपून बघत होते.